सासरचे कार्ड, माहेरचे कार्ड : चौतिसाव्या आठवड्यातील एका बाळंतपणाचे प्रकरण

सीमाभागात पहिलटकरणीचे बाळंतपण दोन घरांत वाटलेले असते. चंदगड तालुका महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात. खानापूर तालुका कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. दोन्हीकडे मराठी घरे आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सोयरीक. नाव नोंदवायचे सासरच्या उपकेंद्रात, सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि बाळंतपणाला माहेरी यायचे, ही रीत. चंदगडच्या माणसाला मोठ्या दवाखान्यासाठी कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते, त्यामुळे शेवटी बरेच जण बेळगावच्या प्रसूतिगृहात पोचतात. गरोदरपणातला रक्तदाब चढतो तोही बहुधा याच सुमारास, अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर. म्हणजे ज्या दिवसांत आधीच्या नोंदी समोर हव्यात, नेमक्या त्याच दिवसांत त्या सासरच्या कपाटात राहतात.

पुढचे प्रकरण कुणा एका बाईचे नाही. अशा प्रसूतिगृहांत पुन्हा पुन्हा दिसणारा घटनाक्रम एकत्र बांधून ते लिहिले आहे. उपचार आणि मात्रा प्रचलित पद्धतीप्रमाणे आहेत.

आधीच्या नोंदी

वय २२, पहिलीच खेप. सासरी दहाव्या आठवड्यात नोंदणी झाली, तेव्हा बीपी १०४/६६, वजन ४६ किलो, हिमोग्लोबिन ९.६. अकराव्या आठवड्यात सोनोग्राफी. विसाव्या आठवड्यात बीपी १००/६४, अठ्ठाविसाव्यात ११२/७२. ओटी भरून ती खानापूर तालुक्यात माहेरी आली आणि तिथे नवे ताई कार्ड (कर्नाटकातले गरोदर मातेचे नोंदकार्ड) निघाले. जुने कार्ड सोबत नव्हते. पाळीची तारीख तिला नक्की आठवत नव्हती, म्हणून बत्तिसाव्या आठवड्यात नवी सोनोग्राफी झाली. त्या मापांवरून बाळ २९ आठवडे ४ दिवसांचे ठरले आणि तीच तारीख नव्या कार्डावर चढली.

त्याच भेटीत बीपी १३४/८८ होता. रकान्यात लिहिले गेले : नॉर्मल.

१४०/९० ही रेषा धरली तर ते चूक म्हणता येत नाही. पण १०४/६६ वाली बाई १३४/८८ वर आली आहे, हे जुने कार्ड पाहणाऱ्यालाच कळते. वरचा आकडा ३० ने, खालचा २२ ने चढलेला. एवढ्या चढावरून प्रीएक्लॅम्प्सियाचे, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून यकृत, मूत्रपिंडे आणि रक्तावर परिणाम करणाऱ्या आजाराचे, निदान करत नाहीत. पण अशा बाईला पुढची तारीख महिन्याने देत नाहीत, तीन-चार दिवसांत परत बोलावतात. १५ मिनिटे बसवून बीपी पुन्हा मोजायचा, लघवीत पट्टी बुडवून अल्ब्युमिन हे प्रथिन उतरते का पाहायचे, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आणि यकृताची तपासणी पाठवायची. यातले काही झाले नाही. पंधरा दिवसांत वजन २ किलो ८०० ग्रॅमने वाढले होते. बाळ अंग धरतेय म्हणून घरात समाधान होते. पायांची सूज बहुतेक गरोदर बायांना येते, तिच्यावरून काही ठरत नाही. पण सकाळी उठताना तोंड आणि बोटे सुजलेली असणे, बांगडी अचानक घट्ट होणे आणि वजन झपाट्याने चढणे ही तिन्ही एकत्र आली की बीपी त्याच दिवशी मोजलाच पाहिजे.

मोजण्याच्या पद्धतीबद्दलही इथेच सांगायला हवे, कारण कार्डांवर १२०/८० आणि ११०/७० हे गोल आकडे संशय यावा इतके दिसतात. बाई चालत आलेली असेल तर आधी पाच मिनिटे बसू द्यावे, पाठीला टेका असावा, पाय जमिनीवर, लघवी करून आलेली, दंड हृदयाच्या पातळीला आणि पट्टा उघड्या दंडावर. कुशीवर झोपवून वरच्या हाताचा बीपी घेतला तर तो खोटा कमी येतो.

त्या रात्री

चौतिसाव्या आठवड्यात दोन दिवस डोके ठणकत होते. तिसऱ्या दिवशी छातीखाली आवळल्यासारखे होऊ लागले, उलटी झाली. तक्रार कागदावर नुसती ‘पोटदुखी’ म्हणून उतरली आणि पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. यकृत सुजून त्याचे आवरण ताणले गेले की ही कळ उठते. ती बरगड्यांच्या मधोमध किंवा उजवीकडे असते आणि पित्तासारखीच वाटते. तपासणाऱ्या सिस्टरांचे कानडी, पेशंटचे मराठी, दोघींना एकमेकींचे निम्मे समजते, अशा वेळी विचारण्यापेक्षा दाखवायला सांगणे बरे : “अक्का, कुठं दुखतंय तिथं हात ठेव बघू.” हात बेंबीखाली गेला तर कळांचा विचार, काळजाखाली गेला तर आधी बीपीचा पट्टा.

रात्री १०.५० ला प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी १७२/११४, लघवीत अल्ब्युमिन तीन प्लस, डोळ्यांपुढे काजवे. केंद्रातल्या नर्सबाईंनी पुढच्या २५ मिनिटांत जे केले त्याने तिचा जीव वाचला, हे स्पष्ट म्हणायला हवे. आकडी रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटची ५० टक्क्यांची २ मिलीची एक अँप्यूल म्हणजे १ ग्रॅम. अशा पाच अँप्यूल, म्हणजे १० मिली, एका कुल्ल्यात खोल. पाच दुसऱ्या कुल्ल्यात. प्रत्येक सिरिंजमध्ये २ टक्के लिग्नोकेन १ मिली, कारण हे इंजेक्शन फार दुखते. एकूण १० ग्रॅम, ११.१० ला पूर्ण. मग बीपी उतरवणारी निफेडिपिन १० मिग्रॅ गिळायला दिली. ही गोळी जिभेखाली फोडून देण्याची जुनी सवय अजून कुठे कुठे आहे. त्याने बीपी एकदम कोसळतो आणि वारेतून बाळाला जाणारे रक्त तुटते, म्हणून गिळूनच द्यायची. १०८ ची गाडी आली आणि डाव्या कुशीवर झोपवून तिला बेळगावला धाडले.

चिठ्ठीत मात्र एवढेच होते : “बीपी जास्त. इंजेक्शन दिले. पुढे पाठवत आहे.”

१२.५० ला प्रसूतिगृहात पोचल्यावर या तीन वाक्यांनी बारा मिनिटे खाल्ली. कोणते इंजेक्शन, किती, कधी? मॅग्नेशियम दिलेच नाही असे धरून पूर्ण पहिली मात्रा पुन्हा दिली तर रक्तात त्याचे प्रमाण चढते. आधी गुडघ्याचा झटका जातो, मग श्वास मंदावतो. उलट, दिले असेल असे धरून थांबावे आणि ते बीपीचे दुसरेच औषध निघाले, तर टेबलावरच आकडी येते. ड्युटीवरच्या सिस्टरने केंद्राला फोन लावला. तोपर्यंत लेबर रूममध्ये दुसरी सिस्टर रबरी हातोडी घेऊन गुडघ्याचा झटका पाहत होती : आहे. श्वास मिनिटाला १८. लघवीची नळी टाकताच ६० मिली निघाली. झटका असणे, श्वास १६ किंवा जास्त आणि लघवी तासाला किमान ३० मिली, या तीन गोष्टी जुळल्याशिवाय पुढची मात्रा द्यायची नसते. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, भरलेल्या सिरिंजसह उशाशी ठेवले होते. लागले तर ते सावकाश, काही मिनिटे घेऊन शिरेतून द्यायचे.

चिठ्ठीवर काय हवे हे त्यामुळे सांगून टाकतो. औषधाचे नाव, ग्रॅम, कोणत्या मार्गाने, घड्याळातली वेळ. देण्याआधीचा आणि नंतरचा बीपी. गुडघ्याचा झटका आहे की नाही. आणि लिहिणाऱ्याचा मोबाईल नंबर. अर्ध्या पानात बसते आणि गाडी येईपर्यंत लिहून होते.

बीपी अजून १६४/११० होता. बीपी उतरवणारे लॅबेटॅलॉल २० मिग्रॅ शिरेतून, हळू, दोन मिनिटांत. त्याआधी दमा आहे का ते विचारले आणि नाडी ६० च्या वर असल्याची खात्री केली. दहा मिनिटांनी १६०/१०८, म्हणून ४० मिग्रॅ. १.२५ ला १४८/९६, आणि तिथेच थांबले. १२०/८० वर आणण्याची घाई इथे बाळाच्या मुळावर येते. १६०/११० च्या वरच्या बीपीमुळे मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे पहिले औषध तासाच्या आत, शक्यतो अर्ध्या तासात गेले पाहिजे. त्यानंतर १४० ते १५० आणि ९० ते १०० या पट्ट्यात ठेवणे पुरते.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन ११.४ आले. सासरी ते ९.६ होते, नातेवाइकांना वाटले, गोळ्या लागू पडल्या. खरे कारण उलटे आहे. या आजारात रक्तातले पाणी शिरांबाहेर झिरपते आणि उरलेले रक्त दाट होते. अशा बाईच्या अंगात मुळात रक्त कमी असते, म्हणून बाळंतपणात थोडे गेले तरी ती लवकर ढासळते. प्लेटलेट ९२,०००, यकृताचे एसजीओटी ११८, मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन ०.९. साध्या काचेच्या नळीत ५ मिली रक्त घेऊन ठेवले, सात मिनिटांच्या आत घट्ट गोठले. प्लेटलेट लाखाखाली असल्यामुळे कुल्ल्यात आणखी खोल सुया टोचणे बंद केले, कारण तिथे रक्ताची गाठ धरते. केंद्रातल्या मात्रेला चार तास होताच, ३.१० ला, मॅग्नेशियम इन्फ्यूजन पंपावर तासाला १ ग्रॅम सुरू झाले.

बाळ किती आठवड्यांचे?

या प्रकरणातला सर्वात अडचणीचा प्रश्न हा होता. ताई कार्डावरून त्या रात्री ३१ आठवडे ६ दिवस होत होते. तसे असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड द्यायला हवे : ६ मिग्रॅ, दर १२ तासांनी, चार वेळा. भारत सरकारच्या सूचनांप्रमाणे ते २४ ते ३४ आठवड्यांत दिले जाते. त्याचा पूर्ण फायदा मिळावा म्हणून शक्य तेवढे थांबण्याचाही विचार येतो. इथे प्लेटलेट घसरत असताना तसे थांबणे आईच्या जिवाशी खेळ झाला असता.

नवऱ्याला फोन गेला. पहाटे दोनच्या सुमारास त्याने सासरच्या कपाटातून अकराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीचा कागद काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यावरून हिशेब लागला : ३४ आठवडे २ दिवस. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी पाच-सात दिवसांपलीकडे चुकत नाही. शेवटच्या तिमाहीतली तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकते, कारण तोवर प्रत्येक बाळ आपापल्या गतीने वाढलेले असते. बत्तिसाव्या आठवड्यात बाळ २९ आठवड्यांचे दिसले, ते वाढ खुंटल्यामुळे. नव्या कार्डाने तारीखच पुढे ढकलली आणि बाळाचे खुंटणे झाकले गेले. पहिला कागद समोर असता तर ‘बाळ लहान आहे, वारेचे रक्त कमी पडतेय’ हे दोन आठवडे आधी कळले असते, आणि आईचा बीपीही तेव्हाच गांभीर्याने घेतला गेला असता.

आता निर्णय सोपा झाला. ३४ आठवडे पूर्ण, आजार तीव्र : बीपी आटोक्यात येताच प्रसूती करून मोकळे करायचे. स्टिरॉइडसाठी थांबायचे नाही.

सिझेरियन का नाही, असे घरच्यांनी विचारले. बाळाचे ठोके चांगले होते, डोके खाली होते आणि प्लेटलेट कमी असताना पोटाच्या जखमेतून रक्त जाण्याची भीती जास्त. म्हणून कळा आणणारे मिसोप्रोस्टॉल २५ मायक्रोग्रॅम तोंडाने, दर दोन तासांनी. एक मर्यादा मात्र आधीच ठरवून फाइलवर लिहिली : सहा तासांनी प्लेटलेट पुन्हा पाहायच्या, त्या ७०,००० च्या खाली गेल्या, ठोके बिघडले किंवा संध्याकाळपर्यंत प्रगती दिसली नाही, तर ऑपरेशन. सहा तासांनी ८४,००० आल्या. सलाईन तासाला सगळे मिळून ८० मिलीच. या बायांच्या फुप्फुसांत पाणी भरते ते बहुतेक वेळा दवाखान्यातच, सढळ हाताने दिलेल्या बाटल्यांमुळे.

वार पडल्यानंतर

दुपारी ३.२० ला मुलगी झाली, रडली. गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन १० युनिट सलाईनमधून लगेच सुरू. त्याच कामाचे दुसरे औषध, मेथर्जिन, त्या दिवशी ट्रेमधून उचलून बाहेर ठेवले होते. वाढलेल्या बीपीत ते दिले तर बीपी भडकतो, आणि घाईत हात सवयीने त्याच अँप्यूलकडे जातो.

मॅग्नेशियम गर्भाशयालाही सैल करते. वार ३.२८ ला पूर्ण पडली, पण पोट हाताला कणकेसारखे मऊ लागत होते. खाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावलेली होती, ३.३५ ला तिच्यात ४२० मिली. डोळ्यांनी अंदाज केला असता तर कुणी अडीचशे म्हटले असते. ज्या प्रसूतिगृहात अजून फडक्यांवरून अंदाज चालतो, तिथे आधी ही पिशवी आणावी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत पिशवीने मोजणे आणि सगळे उपचार एकदम सुरू करणे यामुळे तीव्र रक्तस्रावाचे आणि त्यातून होणाऱ्या गंभीर परिणामांचे प्रमाण ६० टक्क्यांनी घटले. इथेही तसेच एकदम झाले. एकीने पोटावरून गर्भाशय चोळले, दुसरीने ऑक्सिटोसिन वाढवले, तिसरीने रक्त थांबवायला ट्रानेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून दिले. ते प्रसूतीपासून तीन तासांच्या आत द्यायचे असते, आणि जितके लवकर तितके कामाचे. लघवीची नळी तुंबली नाही ना ते पाहिले, टाके आणि गर्भाशयाचे तोंड तपासले, वार पुन्हा न्याहाळली. मॅग्नेशियम चालूच ठेवले. ३.५५ ला पोट घट्ट झाले. एकूण ६८० मिली गेले.

या जिल्ह्याला या विषयात जगभर ओळख आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात १,६२० बायकांवर झालेली मिसोप्रोस्टॉलची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. नर्सबाईंनी बाळंतपणानंतर तोंडाने दिलेल्या ६०० मायक्रोग्रॅम गोळ्यांनी रक्तस्रावाचे प्रमाण १२ वरून ६.४ टक्क्यांवर आले. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत आशाताई आणि नर्सबाईंना बीपीचे यंत्र आणि मोबाईल देऊनही मोठी चाचणी झाली. त्यात एकूण निकालात फरक पडला नाही. भारत, पाकिस्तान आणि मोझांबिक इथल्या अशा चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा आठ किंवा जास्त भेटी झालेल्या बायकांत मृतजन्म कमी दिसले. या प्रकरणातल्या बाईच्या माहेरी दोन भेटी झाल्या होत्या.

१,५८० ग्रॅमची मुलगी

नाळ एक मिनिट थांबून बांधली. कोरडी करून, टोपी घालून, व्हिटॅमिन के १ मिग्रॅ दिले. आई मॅग्नेशियमवर, रक्त जाऊन थकलेली, तरी पहिली काही मिनिटे बाळ तिच्या छातीवर ठेवले. नंतर माहेरच्या आज्जींनी घेतले. “आज्जी, पदर बाजूला करा. पोरीला छातीवर उभं धरायचंय, बेडकासारखे पाय मुडपून, मान एका बाजूला.” वरून झोळीचा पट्टा आवळून बांधला. जिवंत माणसाच्या छातीची ऊब काचेच्या पेटीपेक्षा कमी नाही. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच कांगारू पद्धतीने ठेवले तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर येतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या चाचणीत दिसले. आज्जी, मावशी, बाप, कुणीही चालते. अंगाला सर्दी-खोकला किंवा कातडीचा रोग नसावा, एवढेच.

दोन तासांनी टाचेतून घेतलेली साखर ३६ निघाली. पोटात वाढ खुंटलेल्या बाळाच्या यकृतात साठा नसतो, त्यामुळे ४५ च्या खाली जाण्याची भीती मोठी. बाळ जागे होते, थरथर नव्हती, म्हणून आधी दूध. पहिल्या दिवशी किलोला ६० मिली म्हणजे दिवसाचे ९५ मिली, दर दोन तासांनी ८ मिली. चिकाचे दूध आईच्या अंगावरून हाताने पिळून काढले, पहिल्यांदा जेमतेम ३ मिली. उरलेले दाता आईच्या पाश्चराइज केलेल्या दुधाने पुरे केले, वाटी आणि पलाड्याने (चोचीच्या छोट्या भांड्याने). तासाने साखर ५४. ३६ वर बाळ मलूल असते किंवा दूध घेत नसते, तर शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज किलोला २ मिली देऊन पुढे ग्लुकोजचे सलाईन लावावे लागले असते.

पाचवीची रात्र

मॅग्नेशियम बाळंतपणानंतर २४ तासांनी बंद झाले. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट ७८,००० पर्यंत उतरून मग चढू लागल्या. हिमोग्लोबिन ७.९, रक्ताची बाटली न देता लोहाचे औषध फेरिक कार्बोक्सिमाल्टोज १ ग्रॅम शिरेतून दिले. दुखण्यावर पॅरासिटामॉलच.

तिसऱ्या दिवशी घरच्यांनी सोडायचा आग्रह धरला, कारण पाचवी पुजायची होती. बाळंतपणानंतरचा बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवसात पुन्हा चढतो, आकडीही या काळात येऊ शकते. पाचवीला बाळंतीण रात्री उशिरापर्यंत जागी, घर पाहुण्यांनी भरलेले आणि गोळी द्यायची कुणाच्या ध्यानात नाही. पूजा वॉर्डातच पाट मांडून करू द्यायचे ठरले, तेव्हा मंडळी राजी झाली. चौथ्या दिवशी बीपी १५८/१०४ आला. निफेडिपिनची लांब असराची २० मिग्रॅची गोळी दिवसातून दोनदा सुरू केली. ती अंगावर पाजताना चालते.

सातव्या दिवशी आईचा बीपी १३६/८६. बाळाला मात्र वजन सलग तीन दिवस वाढेपर्यंत, म्हणजे अकराव्या दिवसापर्यंत ठेवले, आणि तोवर आईही शेजारीच राहिली. सोडताना घरच्यांना सांगितले ते असे : शेगडी बाळंतिणीच्या खोलीत नको, धुराने या बाळाचा श्वास अडतो. वजन २ किलो होईपर्यंत अंघोळ नको, कोमट फडक्याने पुसायचे. गुटी, मध, साखरपाणी काही नको. बाळंतिणीचे पाणी तोडायचे नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर खुशाल द्या. डोके दुखले, काजवे दिसले की वेळ न पाहता गाडी बोलवा.

आशाताईच्या घरभेटी चालू राहिल्या. बेचाळिसाव्या दिवशी आईचा बीपी गोळीशिवाय ११६/७४, लघवी स्वच्छ. मुलगी २ किलो ३८० ग्रॅम. तांबी बसवली. चंदगडच्या आणि खानापूरच्या दोन्ही कार्डांवर एकच मजकूर लाल शाईने लिहिला : पहिल्या खेपेला ३४ आठवड्यांत तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया, प्लेटलेट ७८,०००, बाळ १,५८० ग्रॅम, पुढच्या खेपेला बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री ॲस्पिरिन, विसाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी बीपी. दोन्ही कार्डांचे आणि पहिल्या सोनोग्राफीचे फोटो नवऱ्याच्या आणि तिच्या, दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवले.